बीए-बीकॉमच्या मुलांना बायो शिकवायचंय, ३० तासांत नेमकं काय घ्यावं?

झूलॉजीवाली

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवते. एनईपीमुळे (नवीन शैक्षणिक धोरण) आता बीए-बीकॉमच्या मुलांना दुसऱ्या फॅकल्टीतला ओपन इलेक्टिव्ह घ्यावाच लागतो हे माहीत असेलच, आमच्याकडे त्यात बायोलॉजी ठेवलाय आणि तो माझ्याकडे आलाय. २ क्रेडिट म्हणजे ३० तास. मुलांनी दहावीनंतर सायन्सचं पुस्तक उघडलेलं नाही.

हातात जो कच्चा सिलॅबस आलाय तो म्हणजे अकरावी-बारावीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका आहे. पेशीची रचना, पेशीविभाजन, प्राण्यांचं वर्गीकरण, वनस्पतींचं वर्गीकरण, पचनसंस्था, श्वसनसंस्था, आनुवंशिकता वगैरे, शेवटी पर्यावरण, प्रत्येकाला दोन-दोन तास. मुलं व्याख्या पाठ करतील, पास होतील, महिन्याभरात सगळं विसरतील. मला हे खरंच नको आहे कारण या मुलांना बायोचा वर्ग आयुष्यात परत कधी मिळणार नाही. आणि ह्याच मुलांना पुढे दवाखान्यात आईच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायची आहे, बाळाला कोणती लस कधी हे ठरवायचंय, लग्नाआधी कोणती तपासणी करायची ते बघायचंय, घरी शेती असेल तर बियाण्याचं पाकीट निवडायचंय. बायोची खरी गरज तिथे पडणार.

म्हणून मला वाटतं विषय थोडे घ्यावेत पण तळापर्यंत न्यावेत. सुरुवात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारापासून करायची आणि त्यालाच ८-१० तास द्यायचे असं मनात आहे. बाकी काय घ्यावं ते सुचवा, विशेषतः जे स्वतः आर्ट्स-कॉमर्सचे आहेत त्यांनी.

---

तर्री_पोहे

मॅडम विचार चांगला आहे पण थोडी शंका. मी स्वतः बीएस्सी केलंय. पेशी काय, डीएनए काय, प्रोटीन काय हे आधी पक्कं केल्याशिवाय सिकलसेल कसं कळणार? बेसिक नसेल तर ते नुसतं माहितीपत्रक होईल, सरकारी पोस्टरवर असतं तसं. आधी पाया मग भिंत असं माझं मत.

---

झूलॉजीवाली

@तर्री_पोहे दादा, शंका बरोबर आहे पण मला वाटतं सिकलसेल शिकवता शिकवताच पाया घालता येतो, वेगळा घालावा लागत नाही. जरा सविस्तर लिहिते.

पहिला तास फक्त लाल पेशीचा. निरोगी लाल पेशी गोल, मधे दबलेली, लवचिक, स्वतःपेक्षा बारीक केशवाहिनीतूनसुद्धा मुडपून जाते, साधारण १२० दिवस जगते. सिकलची पेशी ऑक्सिजन सोडल्यावर विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, केशवाहिनीत अडकते, आणि १०-२० दिवसांतच फुटते. आता मुलांना विचारायचं की मग पेशंटला काय काय होईल? रक्त कमी होईल, डोळे पिवळे दिसतील, हातपाय-पाठ असह्य दुखेल, मुलं हे स्वतः काढतात, सांगावं लागत नाही. पेशी, रक्ताभिसरण, ऑक्सिजन वाहून नेणं, तिन्ही आले की नाही त्यात?

मग पेशी वाकडी का होते? तर आतलं हिमोग्लोबिन. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीने असतात, त्यातल्या ६ व्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलीन आलेलं असतं. बस एवढाच फरक. ग्लुटामिकला पाण्यात राहायला आवडतं, व्हॅलीन पाण्यापासून पळतं, त्यामुळे ऑक्सिजन सुटला की एका हिमोग्लोबिनचं व्हॅलीन शेजारच्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतं, असे लांब लांब दोर तयार होतात आणि पेशी आतून ताणली जाते. प्रोटीन म्हणजे काय, त्याचा आकार का महत्त्वाचा, हे यापेक्षा स्पष्ट दुसऱ्या कशात दिसतं मला माहीत नाही.

आणि व्हॅलीन का आलं? ११ व्या गुणसूत्रावरच्या जीनमधे जीएजी हा तीन अक्षरी शब्द होता तो जीटीजी झाला, एक अक्षर बदललं. इथे डीएनए शिकवायचा. १९४९ मधे लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि १९५६-५७ मधे व्हर्नन इन्ग्रमने तो एका अमिनो आम्लापर्यंत शोधून काढला. म्हणजे हातपाय दुखण्यापासून निघून एका अक्षरापर्यंत पोचता येतं. उलट दिशेने, आधी अक्षरं, मग प्रोटीन, मग पेशी, असं शिकवलं तर आजारापर्यंत पोचेस्तोवर अर्धा वर्ग झोपलेला असतो.

---

कॉमर्सवाली_सीताबर्डी

मॅम मी बीकॉम सेकंड इयर, आमच्याकडे पण असाच ओपन इलेक्टिव्ह होता आणि खरं सांगते नोट्सचे फोटो व्हॉट्सॲपवर आले ते वाचून पेपर दिला, त्यातलं आता काहीच सांगता येणार नाही. तुमचा वर्ग असता तर मी पहिल्या बेंचवर बसले असते.

एक विचारू का, आमच्या नात्यात एका ताईला आणि जिजूंना दोघांनाही एएस आलं, म्हणजे कॅरिअर (एक जीन निरोगी ए, एक सिकलचा एस). त्यांच्या पहिल्या मुलाला एसएस आहे, म्हणजे आजारच. आता घरातली मोठी माणसं म्हणतात चारातला एक असतो ना, तो झाला, आता पुढच्या बाळाला काही होणार नाही. मला हे कुठेतरी चुकीचं वाटतं पण मला समजावता येत नाहीये त्यांना.

---

झूलॉजीवाली

@कॉमर्सवाली_सीताबर्डी बेटा, तुला वाटतंय तेच बरोबर आहे, आणि हे घरी लवकर सांग. आईबाबा दोघं एएस असतील तर प्रत्येक बाळाच्या वेळी हिशोब नव्याने मांडला जातो. २५ टक्के शक्यता एसएसची, ५० टक्के एएसची, २५ टक्के पूर्ण निरोगी एएची. आधीच्या बाळाला काय झालं याची पुढच्या बाळाला काही खबर नसते.

मी वर्गात हे नाण्यांनी करून घेणार आहे. दोन-दोन मुलांची जोडी, एक आई एक बाबा, दोघांच्या हातात एकेक रुपया, छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. दोघांनी एकदम नाणं उडवायचं, दोन्ही काटा पडले तर ते बाळ एसएस. प्रत्येक जोडीने चार बाळं लिहायची आणि मग सगळ्यांचे आकडे फळ्यावर. कोणाची चारही बाळं निरोगी निघतील, कोणाची पहिलीच दोन एसएस. गणिताने चार मुलांच्या घरात एकही एसएस नसण्याची शक्यता ३/४ चा चौथा घात, म्हणजे साधारण ३२ टक्के, जवळजवळ एक तृतीयांश घरं. तुम्हा कॉमर्सवाल्यांना प्रॉबॅबिलिटी येतेच, इथे तुम्ही सायन्सच्या मुलांपेक्षा पुढे असता.

ताईंना सांग की पुढच्या वेळी दिवस राहिले की अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच डॉक्टरांना भेटून गर्भाच्या तपासणीबद्दल विचारायचं. ती तपासणी होऊ शकते हेच पुष्कळ जणांना माहीत नसतं.

---

मेडिकल_चौक

मी लॅब टेक्निशियन आहे, सिकलच्या कॅम्पवर वर्षानुवर्षं जातोय गडचिरोली गोंदिया साइडला आणि नागपुरात पण. मॅडम दोन गोष्टी.

एक, तपासणी कशी होते ते मुलांना नक्की सांगा कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. कॅम्पवर जी होते ती सोल्युबिलिटी. टेस्ट ट्यूबमधे द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, हलवायचं, थोडा वेळ थांबायचं, मग ट्यूबमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. नॉर्मल असेल तर रेघा लाल पाण्यातून स्वच्छ दिसतात, सिकल हिमोग्लोबिन असेल तर पाणी गढूळ होतं आणि रेघा दिसत नाहीत. पण गढूळ झालं म्हणजे एएस का एसएस हे ही टेस्ट सांगतच नाही! त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या) करावी लागते. लोक कॅम्पवर पॉझिटिव्ह आलं की दुसरी टेस्ट करायला येतच नाहीत, काही घाबरून आणि काही मला तर काही त्रास नाही म्हणून. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही टेस्ट चालत नाही, त्याच्यात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणूनच तेवढ्या लहान बाळाला त्रासही दिसत नाही. हायड्रॉक्सियुरिया गोळी पण तेच गर्भातलं हिमोग्लोबिन परत वाढवते, म्हणून पेशंटला आराम पडतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वर्गात कोणाची तपासणी करू नका आणि हात वर करा कोणाकडे सिकल आहे असं तर अजिबात विचारू नका. तुमच्या वर्गात एएसची मुलं असणारच आणि एखाद-दुसरं एसएस पण असू शकतं. मी अशी मुलगी पाहिली आहे जिचं लग्न फक्त एएस आहे कळल्यावर मोडलं, मुलगा एए होता, म्हणजे त्यांच्या कोणत्याच मुलाला एसएस होण्याचा प्रश्नच नव्हता. एएस म्हणजे आजार नाही हे वाक्य वर्गात दहा वेळा म्हणा.

---

झूलॉजीवाली

@मेडिकल_चौक भाऊ, तुमचं हे पोस्ट मी जपून ठेवते. सोल्युबिलिटी आणि एचपीएलसीचा फरक माझ्या यादीत नव्हता, आता एक पूर्ण तास त्याला. हात वर करायला सांगणार नाही, आणि नाण्यांच्या खेळातसुद्धा सगळ्या जोड्या काल्पनिकच राहतील हे आधीच सांगेन. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंतचं लक्ष्य आहे, ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी त्यात ठरली आहे. पण तपासणीनंतर हातात आलेला कागद वाचता आला पाहिजे, ते काम वर्गाचंच आहे असं मला वाटतं.

---

तर्री_पोहे

ओके मॅडम पटलं बऱ्यापैकी. पण मग उत्क्रांती? ती कुठे बसवणार? ते बायोचं हृदय आहे आणि नॉन-सायन्सवाल्यांना माकडापासून माणूस झाला एवढंच माहीत असतं, ते पण चुकीचं.

---

झूलॉजीवाली

सिकलमधेच बसते की! एवढा त्रास देणारा जीन इतक्या पिढ्या टिकला कसा, हा प्रश्न मुलंच विचारतात. १९५४ मधे अँथनी ॲलिसनने आफ्रिकेत दाखवलं की एएस असलेल्यांना गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे एएसवाली मुलं जास्त जगली, जीन टिकला. आपल्या पूर्व विदर्भाचा नकाशा काढला तर मुलांना हे वेगळं समजावावं लागणार नाही. पण मला अजून एक उदाहरण पाहिजे, जे डोळ्यासमोर घडतंय असं. अँटिबायोटिक घ्यावं का?

---

नरखेडचा_भाऊ

मॅडम अँटिबायोटिक कायले, बोंडअळी घ्या ना! आमचं कापूस न संत्रा दोन्ही आहे. मी बीए आहे, हिस्ट्री घेऊन, पण बोंडअळीवर मी तुमच्या पोट्ट्यायले दोन तास बोलू शकतो.

बीटी कापूस २००२ मधे आला. जमिनीतल्या एका बॅक्टेरियाचा जीन कापसाच्या झाडात टाकला, झाड स्वतःच अळीले मारणारं प्रोटीन बनवते. पहिले काही वर्ष फवारणी कमी झाली, लोक खुश. मंग २००६ मधे दोन जीनवालं आलं. न मंग हळूहळू गुलाबी बोंडअळी त्यालेही पचवू लागली. २०१७ ले आमच्याकडे काय झालं ते साऱ्यायले माहीत आहे, बोंड वरून हिरवंगार, फोडलं का आत सरकी खाल्लेली न रुई पिवळी, कवडी झालेली. वेचाले मजूर लावावा का नाही असा प्रश्न पडला होता.

हे काहून झालं? लोक म्हणतात अळी औषधाले सरावली. मीबी तेच म्हणत होतो, मंग एका कृषी सहायकानं समजावून सांगितलं का एक अळी काही सरावत नाही भाऊ, ती मरते नाहीतर जगते. लाखात एखाद दुसरी अशी राहते का जिच्यावर ते प्रोटीन काम करत नाही. बाकी साऱ्या मेल्या, हीच उरली, हिचीच पिल्लं. सारं वावर बीटीचं असलं का हिले जोडीदारबी तसाच भेटते. म्हणून तं ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट देत होते, ते धुऱ्याच्या कडेनं लावा म्हणून. त्याच्यावर साध्या अळ्या वाढाव्या, त्याचे पतंग ह्या दांडग्या पतंगासंगं जुळावे, म्हणजे पिल्लं परत बीटीनं मरतात. पण कोण लावते? तेवढ्या जागेत उत्पन्न कमी येते म्हणून लोकायनं ते पाकीट फेकून देल्लं. न हिरवी अळी तुरीवर हरभऱ्यावर बी जगते, तिले बाहेर जागा आहे, गुलाबीले कापसाशिवाय आपल्याकडे दुसरं फारसं काही चालत नाही, म्हणून ती लवकर बदलली. वरून फरदड (वेचणी झाल्यावरबी तेच जुनं पीक पुढं) ठेवली का तिले खायले उन्हाळ्यालोक मिळते.

---

कॉमर्सवाली_सीताबर्डी

भाऊ हे किती भारी समजावलं तुम्ही, दहावीत उत्क्रांतीचा धडा होता पण एक अळी सरावत नाही, ती मरते किंवा जगते, हे कोणी असं सांगितलंच नाही. म्हणजे बदलते ती गर्दी, एकटी अळी नाही. बरोबर ना मॅम?

---

झूलॉजीवाली

अगदी बरोबर, हेच एक वाक्य मुलांच्या डोक्यात बसलं तर उत्क्रांतीचा अर्धा भाग शिकवून झाला. जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली ही समजूत बीएस्सीच्या मुलांमधेसुद्धा घट्ट असते.

@नरखेडचा_भाऊ तुमचं उदाहरण घेतलं. आणि त्यात अर्थशास्त्राच्या मुलांसाठी वेगळा दरवाजा आहे: माझ्या एकट्याच्या वावरात नॉन-बीटी लावला तर तोटा माझा, फायदा साऱ्या गावाचा, मग मी का लावावा? हा प्रश्न मी त्यांनाच सोडवायला देणार. एक जोड मात्र वर्गात द्यावी लागेल, हे प्रोटीन अळीला मारतं मग आपल्याला का नाही हे मुलं विचारणारच. ते अळीच्या अल्कलीयुक्त आतड्यात सक्रिय होतं आणि तिथल्या ठरावीक रिसेप्टरला (पेशीवरच्या, ते जिथे बसतं त्या जागेला) चिकटून आतड्याला भोकं पाडतं. आपलं पोट आम्लाचं, आणि आपल्या आतड्यात ते रिसेप्टर नाहीत.

---

सिस्टर_इमामवाडा

मी नर्स आहे, रात्रपाळीत वाचतेय. मॅडम उन्हाळा घ्या हो, नागपूरच्या पोरांना ऊन शिकवायलाच पाहिजे. मे महिन्यात दरवर्षी तेच, घरोघरी पार्सल पोचवणारी मुलं, बांधकामावरची माणसं, चक्कर येऊन आणतात आणि नातेवाईक सांगतात पाणी तर खूप पाजलं. नुसतं पाणी.

ओआरएसमधे साखर कशाला हे दहा जणांना विचारा, नऊ जण म्हणतील चवीला किंवा ताकदीला. खरं कारण असं की आतड्याच्या पेशीत एक दार आहे ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जुलाबात बाकी दारं बिघडली तरी हे दार बहुतेक चालू राहतं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं, १ लिटरमधे २०.५ ग्रॅमचं पूर्ण पाकीट. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं तर इतकं घट्ट होतं की उलट आतड्यातच पाणी खेचतं. लोक असंच करतात, पाकीट महाग पडतं म्हणून नाही, १ लिटर एकदम कोण पिणार म्हणून. त्यांना सांगावं लागतं की १ लिटर करून ठेवा, दिवसभर थोडं थोडं द्या, दुसऱ्या दिवशी नवीन करा. १९७१ मधे बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी सलाइन संपल्यावर हेच पाजून कॉलराचे किती तरी पेशंट वाचवले. आम्हाला ट्रेनिंगमधे हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, एवढी साधी गोष्ट.

सिकलच्या पेशंटला तर उन्हाळ्यात पाण्याचं जास्तच सांभाळावं लागतं, अंगातलं पाणी कमी झालं की पेशी लवकर वाकड्या होतात आणि दुखणं उठतं. म्हणजे तुमचा पहिला विषय आणि हा जोडता येईल.

---

झूलॉजीवाली

सिस्टर, तुम्ही माझा तिसरा विषयच दिलात. पेशीचं आवरण, ऑस्मोसिस, किडनी, सगळं ओआरएसच्या पाकिटातून काढते. प्रॅक्टिकलला कांद्याचा पापुद्रा घेईन. आतल्या बाजूचा पातळ पदर चिमट्याने ओढायचा, काचेवर थेंबभर पाण्यात पसरायचा, जांभळा कांदा घेतला आणि बाहेरच्या बाजूचा रंगीत पापुद्रा काढला तर रंग टाकायची पण गरज नाही. मग कडेने मिठाचं पाणी सोडायचं, पेशीतला जांभळा भाग बघता बघता भिंतीपासून सुटून आकसतो. साधं पाणी सोडलं की परत फुगतो. अर्ध्या पाकिटाचं घट्ट ओआरएस काय करतं ते मुलांना डोळ्याने दिसेल. घाम पण इथेच. घाम वाळला तरच थंडावा, म्हणून आपला कूलर मे महिन्यात गारेगार करतो आणि जुलैच्या दमटात नुसता ओल फेकतो, अंगाचंही तेच. जुलैत पारा कमी असून जीव का घाबरतो हे त्यावरून समजेल.

तर आता असं दिसतंय की सिकलसेल, बोंडअळी आणि उन्हाळा, एवढे तीनच. वर्गीकरण पूर्ण काढते. पेशीविभाजन @तर्री_पोहे दादांसाठी एक तास, कॅन्सरच्या निमित्ताने. परीक्षेत व्याख्या विचारणार नाही. सिकलचा एक काल्पनिक रिपोर्ट आणि बियाण्याच्या पाकिटावरची माहिती देईन, वाचून नातेवाईकाला समजावल्यासारखं लिहा म्हणून सांगेन. कॉलेजच्या बोर्डापुढे हे मांडताना त्रास होईल, पण मांडणार.

---

नरखेडचा_भाऊ

मॅडम संत्रा राहिला ना मंग! एका बियातून दोन-तीन रोपं निघतात, बहुतेक सारी मायसारखीच, म्हणून तं जंबेरीचे खुंट बियापासून केले तरी एकसारखे येतात न त्याच्यावर संत्र्याचा डोळा भरता येते. आंबिया बहाराले डिसेंबरात पाणी तोडून ताण देतो तेव्हा झाड फुलाले कसं येते हे पण पोट्ट्यायले दाखवता येईन. एक तास तरी द्या.

---

झूलॉजीवाली

@नरखेडचा_भाऊ संत्र्याला वर्गातला तास नाही देऊ शकत, तीस तासांत खरंच बसत नाही. पण मुलांना तुमच्याकडे एक दिवस आणलं तर चालेल का? कापूस आणि संत्रा दोन्ही एकाच वावरात बघता येईल. डोमकळ्या (गुलाबी अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं) कधी दिसतात तुमच्याकडे?

---

नरखेडचा_भाऊ

आणा ना, बिनधास्त. डोमकळी पाती-फुलावर आल्यावर दिसते, पोळ्यानंतर केव्हाही या. पण फुटलेली बोंडं न आतली अळी पाहायची असन तं दसऱ्यानंतर या, तेव्हा संत्राबी झाडावर राहते. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावलेलेच आहेत, सकाळी लवकर आले तं रातचे पडलेले पतंग मोजता येईन पोट्ट्यायले. मोठी बस धुऱ्यापर्यंत येत नाही, फाट्यावर उतरावं लागन.

---

मेडिकल_चौक

मॅडम सिकलच्या तयार स्लाइड लागतील तर सांगा, ट्रेनिंगच्या जुन्या, नाव-नंबर नसलेल्या. वरच्यांची परवानगी घेऊन वर्गापुरत्या देता येतील का बघतो.